नाव बदलले, क्रमांक तोच

वेरूळ कोणत्या जिल्ह्यात आहे, या प्रश्नाचे उत्तर सप्टेंबर २०२३ पर्यंत ‘औरंगाबाद’ असे होते. त्यानंतर ते ‘छत्रपती संभाजीनगर’ असे झाले. गाव जागचे हलले नाही, लेण्यांचा डोंगरही हलला नाही. नामांतराच्या युक्तायुक्ततेची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. तिच्या गदारोळात एक लहानसा, पण शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांच्या नित्याच्या व्यवहाराला भिडणारा प्रश्न मात्र बाजूला पडला. ज्या असंख्य संगणकीय आज्ञावल्यांतून जिल्ह्याचे नाव उमटते, तेथे ते बदलायचे कसे?

एका ठिकाणी बदलले की सगळीकडे बदलेल, असे सामान्य वाचकास वाटेल. तसे व्हावे हे खरे, पण ते आपोआप होत नाही. आज्ञावली लिहिणारा घाईत असतो. प्रवेश-अर्जाच्या पडद्यावर तो जिल्ह्याचे नाव लिहितो, दाखल्याच्या छपाईत पुन्हा लिहितो, तपासणीच्या नियमात तिसऱ्यांदा लिहितो. पुढे ते बदलले की ही सर्व ठिकाणे हुडकावी लागतात आणि एखादे हटकून राहून जाते. मग अर्जावर एक नाव आणि पावतीवर दुसरे! खिडकीपुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला यातले मर्म ठाऊक नसते, आणि खिडकीआडच्या कारकुनाला दुरुस्तीचा अधिकार नसतो.

यावरचा उपाय काही काल-परवाचा नाही. आयबीएममधील संशोधक ई. एफ. कॉड यांनी १९७० साली माहिती कोष्टकांच्या रूपात मांडण्याची पद्धत सांगितली. आजही असंख्य डेटाबेस तिच्यावर उभे आहेत. १९८५ साली अशा डेटाबेसची लक्षणे सांगताना त्यांनी एक अट घातली. माहितीचे वर्णनही माहितीप्रमाणेच कोष्टकात असले पाहिजे, ही ती अट. रकान्याचे नाव काय, त्यात अक्षरे येणार की अंक, तो रिकामा सोडता येतो की नाही, ही झाली माहितीविषयीची माहिती. तिलाच मेटाडेटा म्हणतात. हे वर्णन वाचून पडदा रेखाटणारा एक घटक, भरलेला मजकूर तपासणारा दुसरा, दाखला छापणारा तिसरा, असे थोडे घटक एकदाच नीट घडवावेत. त्यांना ना वेरूळ ठाऊक असते, ना खुलताबाद. नवा अर्ज हवा असेल तर वर्णनाच्या कोष्टकात ओळी वाढवायच्या. घटक तेच राहतात.

महसुली कामाची ज्यांना माहिती आहे, त्यांना हा विचार परका वाटू नये. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे अधिकार अभिलेख, आठ-अ म्हणजे खातेवही, बारा म्हणजे पिकांची नोंदवही. रकान्यांचे मथळे आधी ठरलेले, मजकूर त्या त्या गावचा. बदलून गेलेल्या तलाठ्याला नव्या गावी वही वाचायला नव्याने शिकावे लागत नसे, ते यामुळेच.

कैलास लेणे एका अखंड खडकातून, वरून खाली कोरत आणले. एकदा काढलेला दगड परत बसवता येत नाही. शेजारचे घृष्णेश्वराचे मंदिर मात्र जोडीव दगडांचे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांना त्याचा जीर्णोद्धार करता आला. कैलासाची थोरवी कोण नाकारील? पण दर अधिवेशनात नियम बदलणाऱ्या राज्याच्या कचेरीत कैलास कोरून भागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. नाव म्हणजे ओळख नव्हे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात वेरूळचे नाव एलापूर असे येते. इंग्रजीत ते एलोरा झाले. तेथील एका लेण्याला कोणी विश्वकर्मा म्हणतो, कोणी सुताराचे झोपडे. क्रमांक दहा म्हटले की वाद उरत नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५१५ होता. आज्ञावलीने असा संकेतांक धरून चालावे, आणि नाव कोष्टकातील एका ओळीत राहू द्यावे.

तथापि ती ओळ नुसती पुसून नवी लिहिणे हीही तितकीच घोडचूक ठरेल. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. अंबडच्या १९७८ सालच्या कागदावर ‘जिल्हा औरंगाबाद’ असे असेल, तर ते त्या दिवशी सत्य होते व आजही त्या कागदापुरते सत्यच आहे. येथे नुसते नाव बदललेले नाही, तालुकाच एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेला. नामांतर आणि विभाजन यांतला हा भेद कोष्टकाला कळायचा, तर प्रत्येक ओळीत ‘केव्हापासून’ व ‘केव्हापर्यंत’ असे दोन रकाने हवेत. एवढ्या साध्या रकान्यांचा कंटाळा पुढे फार महागात पडतो.

या पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिचा धोकाही सांगितला पाहिजे. उत्साहाच्या भरात सगळेच नियम कोष्टकात कोंबले, की ते कोष्टक हीच एक दुर्बोध आज्ञावली होऊन बसते. तिला ना तपासणी, ना टिपण. शिवाय एका ओळीतली चूक त्याच क्षणी प्रत्येक कचेरीत पोचते. म्हणून ही ओळ कोणी बदलावी, कोणाच्या सहीने, आणि जुनी कोठे जपावी, हे आज्ञावली पुरवणाऱ्या कंपनीवर सोडून चालणार नाही. नामांतराच्या अधिसूचनेबरोबरच संकेतांक, जुने नाव, नवे नाव व अंमलाचा दिनांक असलेले कोष्टक सरकारनेच सर्व कचेऱ्यांना द्यावे.

मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. १९९३ साली तेथून पदवीधर झालेले शिक्षक आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रावर जुनेच नाव आहे, आणि सेवेच्या कोणत्याही अर्जातील यादीत ते नाव त्यांना सापडले पाहिजे.