न आलेल्या अवताराचे पान

पत्त्यांचा खेळ हा आपल्या घरांत फारशा आदराने उल्लेखिला जाणारा विषय नव्हे. शाळामास्तराने तर त्याचे नावही काढू नये, अशीच पालकांची अपेक्षा असते. तथापि या खेळात विचारशक्तीला वळण लावणारी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जे पान आपणांस दिसत नाही, त्याविषयी नीट तर्क करावयास पत्ते शिकवितात. न दिसणारी पाने दोन प्रकारची असतात. एक, समोरच्याच्या हातात असलेले. दुसरे, अद्याप जन्मासच न आलेले. पहिल्याचा अंदाज प्रत्येक खेळाडू करतो. दुसऱ्याचाही अंदाज करणारी माणसे आहेत, हे मात्र आम्हांस अलीकडे महाविद्यालयात शिकणाऱ्या काही मुलांकडून कळले.

ही मुले जो खेळ खेळतात तो इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुतरम्य कादंबरीवर रचलेला आहे. अमेरिकेतील फॅन्टसी फ्लाइट गेम्स या संस्थेने तो २०११ साली बाजारात आणला. त्यात खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. सारे एका बाजूस आणि संकटांची गड्डी दुसऱ्या बाजूस, अशी लढाई असते. जिंकले तर सारे जिंकतात, हरले तर सारे हरतात. पहिल्या संचात बारा वीर होते, आणि नेतृत्व, विद्या, आत्मबल व रणनीती अशा चार गटांत प्रत्येकी तीन याप्रमाणे ते विभागलेले होते. पुढे नवनवीन पाने निघत गेली. दोन संचांच्या मधल्या काळात खेळाडूंचा उद्योग एकच : कादंबरीतील कोणत्या पात्राचे पान अजून निघालेले नाही, ते निघाले तर कोणत्या गटात पडेल, त्याच्या अंगी कोणते सामर्थ्य असेल, याचा तर्क लढविणे. ज्याचा तर्क खेळाचे नियम, पूर्वीची पाने आणि मूळ कथा या तिहींना धरून असतो, त्याचे बोलणे इतर ऐकून घेतात. बाकीच्यांच्या बोलण्याला केवळ इच्छा म्हणावयाचे.

हे ऐकल्यावर आम्हांस आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण झाली. न आलेल्याचे पान रंगविण्याचे काम तेथील चितारी मंडळींनी फार पूर्वीच करून ठेवले आहे.

गंजिफा हा खेळ मूळचा इराणकडचा. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याच्याकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे, आणि अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या गंजिफांचे सविस्तर वर्णन केले आहे. मोगली गंजिफात आठ रंग व ९६ पाने असत. आपल्याकडे आल्यावर या खेळाने आपला वेष धारण केला. आठांचे दहा रंग झाले, आणि त्या दहांना विष्णूचे दहा अवतार मिळाले. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, अशी एकंदर १२० वाटोळी पाने. कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवून, त्यांवर रंग व लाख चढवून ती तयार होतात.

खेळणारे तिघे असतात. प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस पाने. भिडू नाही, हुकमाचा रंग नाही. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने आरंभ करावयाचा, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. पाच रंगांत राजा-प्रधानाखालोखाल दश्शी मोठी व एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाचांत नेमके उलट, एक्का मोठा व दश्शी लहान. आपली चाळीस पाने डोळ्यांसमोर असतात, परंतु ऐंशी दिसत नाहीत. कोणते पान पडून गेले आणि कोणते उरले याचा हिशेब मनात ठेवील तोच जिंकावयाचा. आमच्या मते गणिताच्या तासाला लाजवील असा हा अभ्यास आहे.

आता दहाव्या रंगाकडे वळू. मत्स्यापासून नऊ अवतार होऊन गेले. दहावा कल्की व्हावयाचा आहे. भागवताच्या बाराव्या स्कंधात म्हटले आहे की तो शंभल नावाच्या गावी विष्णुयश ब्राह्मणाच्या घरी जन्मेल आणि देवदत्त नावाच्या अश्वावर आरूढ होऊन हाती खड्ग घेऊन निघेल. कलियुग ४,३२,००० वर्षांचे. त्याचा आरंभ परंपरेने इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये धरला जातो. म्हणजे पाच हजारांवर थोडी वर्षे सरली आणि सुमारे ४,२६,९०० उरली. अमेरिकेतील खेळाडू पुढच्या संचाची वाट काही महिने पाहत असत. आमच्या चिताऱ्याने सव्वाचार लाख वर्षे आधीच पान तयार ठेवले!

त्याने ते मनाला येईल तसे काढले नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट. खेळाचा नियम त्याच्यापुढे होता : दहाव्या रंगालाही राजा हवा, प्रधान हवा. शिवाय त्या रंगाची खूण अशी हवी की एका लहान चकतीवर ती दहा वेळा काढता यावी आणि दुसऱ्या रंगाच्या खुणेशी तिचा घोटाळा होऊ नये. मत्स्याला मासा, परशुरामाला परशू, रामाला धनुष्यबाण असल्यावर कल्कीसाठी तलवार उरते. पुराणातही तीच आहे. जेथे पुराण मौन धरते तेथे मात्र चित्रकारांची मते वेगळी पडतात. कल्कीच्या चित्रांत तो कोठे घोड्यावर बसलेला, कोठे घोड्याचा लगाम धरून शेजारी उभा, तर कोठे स्वतःच अश्वमुखी दिसतो.

नवव्या स्थानाची हकीकतही अशीच आहे. तेथे बुद्ध, परंतु ओडिशात त्या जागी जगन्नाथ येतो, आणि आपल्याकडील कित्येक जुन्या पंचांगांत व शिल्पांत विठ्ठल उभा आहे. आमच्या नवागामातील वाचकांस हे विशेष जवळचे वाटावे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली आमची मंडळी सुरतेच्या लूमच्या कारखान्यांत ज्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात, त्यांत गंजाम जिल्ह्यातील ओडिया बांधव फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या प्रांतातही वाटोळी पाने आहेत; ते त्यांना ‘गंजपा’ म्हणतात. एकाच लूमवर पाळी बदलणाऱ्या दोघांच्या मूळ प्रांतांत एकच खेळ असावा आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसावा, हे आम्हांस खटकते.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही शाळेत एक लहानसा प्रयोग केला. सातवीच्या मुलांना नऊ अवतारांच्या खुणा फळ्यावर काढून दाखविल्या, दहाव्याविषयी काही सांगितले नाही, आणि ‘पुढचे पान कसे असेल ते काढा, मात्र का, तेही सांगा’ असे म्हटले. पुष्कळांनी शस्त्र काढले, कारण ‘आधीच्या तिघा-चौघांच्या हाती शस्त्र आहे’. हा तर्क शुद्ध होय. एकाने बैल काढला : मासा, कासव, डुक्कर झाले, बैलच राहिला, हे त्याचे कारण. एका मुलीने छत्री काढली. पावसाळ्यात खाडीचे पाणी घरात येते, तेव्हा येणारा देव तेवढे तरी घेऊन येईल, असे ती म्हणाली. वर्गात हशा झाला; आम्ही मात्र तिचा कागद जपून ठेवला आहे. नियमांच्या कसोटीस तोही उतरतो : छत्री चकतीवर दहा वेळा काढता येते आणि फळ्यावरच्या नऊ खुणांत ती नव्हती.

छापील बावन्न पानांचे स्वस्त जोड आल्यावर गंजिफा मागे पडला. १९७१ च्या सुमारास सावंतवाडीत पुंडलिक चितारी यांच्यासारख्या वृद्ध कारागिराच्या हातातच ही कला उरली होती. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून सून म्हणून आलेल्या सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही लाभले. पाने वाचली, खेळ अजून वाचलेला नाही. घेणारे गंजिफा घेतात ते भिंतीवर लावण्यासाठी वा भेट देण्यासाठी. एकशे वीस पाने लक्षात ठेवणारे तिघे एका घरात मिळणे हीच खरी अडचण आहे.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांस ही अडचण परिचयाची आहे. भाषेचेही तसेच असते : पुस्तके कपाटात सुरक्षित असतात, बोलणारे तिघे जमवावे लागतात.

म्हणून दोन विनंत्या. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर येथील जुन्या घरांत कोणाच्या पेटीत गंजिफांचा डबा असेल, तर तो उघडून पाने मोजावीत. १२० भरली नाहीत, तर रंग लावून पाहावेत. कोणत्या रंगातील कोणते पान हरवले ते नियमच सांगेल, आणि घरातील मुलांकडून तेवढे पान काढून घेता येईल. ज्यांच्याकडे डबा नाही त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या चकत्या कापाव्यात. नऊ रंग रीतीप्रमाणे काढावेत, दहावा मुलांवर सोपवावा, आणि सुटीच्या दुपारी तिघांनी खेळावयास बसावे. दिवसाचा खेळ असल्याने आरंभ रामाच्या राजाने करावयाचा, एवढे ध्यानात ठेवावे.