पट्टीच्या आत काय चालतं?

बालमित्रांनो, सोलापूरच्या मुलांना जानेवारी महिना का आवडतो, हे सांगायला नकोच. सिद्धेश्वराची यात्रा आणि होम मैदानावरचा गड्डा! पण आमच्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा ऐन यात्रेच्या तोंडावर लंगडत शाळेत आला. अंगठ्याला जाडजूड पट्टी.

"काय रे, ठेच लागली?"

"नाही बाई, नख काढलं."

त्याचं झालं होतं असं. बूट घट्ट झाले होते. नखाचा कोपरा टोचू लागला म्हणून त्याने तो ब्लेडने खोल कोरला. नखाचं बारीक टोक आत राहिलं आणि नख वाढलं तसं ते मांसात रुतलं. अंगठा सुजला, पू झाला. रागावतील म्हणून घरी सांगितलंच नाही! शेवटी डॉक्टरांनी अंगठा बधिर करून नखाची रुतलेली कड काढली.

घरी आल्यावर शेजारच्या आजींनी मायेने सांगितलं, "हळद भरा." भरली. पट्टी धुळीत मळली. तीन दिवसांनी अंगठा पुन्हा ठणकू लागला. जखम परत धुवावी लागली. बिचारा रडकुंडीला आला. "बाई, एवढं सगळं लावूनही जखम भरत का नाही?"

मुलांनो, जखम औषध भरत नाही, आपलं शरीर भरतं. आधी रक्त गोठून वाहायचं थांबतं. मग पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. नंतर खालून लालसर, ओलं, नवं मांस वर येतं आणि कडेने नवी त्वचा त्यावर सरकत जाते. हळद, राख, मशेरी, माती आत गेली की या कामात खोडा! मातीत तर धनुर्वाताचे जंतूही असतात. म्हणून १० व्या आणि १६ व्या वर्षीची लस चुकवायची नाही.

१८६५ साली ग्लासगो शहरात जेम्स ग्रीनलीस नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. हाड मोडून जखम झाली. त्या काळी अशी जखम बहुधा चिघळायची, पाय कापावा लागायचा. पण जोसेफ लिस्टर या डॉक्टरांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, पाय वाचला! हेच कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल. रुतणारी कड पुन्हा उगवू नये म्हणून काही डॉक्टर आजही ते नखाच्या मुळाशी लावतात. मात्र ते काम डॉक्टरांचंच, घरी असलं काही करायचं नाही.

मग आपण काय करायचं? पहिले एक-दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवायचा. पट्टी डॉक्टर सांगतील तेव्हाच सोडायची. चिकटली असेल तर ओढायची नाही, स्वच्छ कोमट पाण्याने भिजवायची. आधी हात साबणाने धुवायचे. जखम हलक्या हाताने धुऊन, टिपून, सांगितलेलं मलम लावून नवी पट्टी बांधायची. बूट नको, पुढून मोकळी चप्पल बरी. पळणं, कबड्डी काही दिवस बंद. थोडं पिवळसर पाणी आलं तर घाबरू नका. पण ठणका वाढला, लाली पसरली, पू किंवा वास आला, ताप भरला, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

जखम भरायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. पायाचं नख मात्र महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नख पडलं, तर नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं!

पालकांनो, घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांचं रुतलेलं नख घरी कोरू नका. अशी जखम लवकर भरत नाही आणि कधीकधी दुखतही नाही, म्हणून कळत नाही.

आमचा पठ्ठ्या मग शहाण्यासारखा वागला. यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक हुकली, पण गड्ड्याच्या शेवटच्या दिवसांत तो पाळण्यात बसून आला.

आता तुमचं काम. आज आंघोळ झाल्यावर पायाची नखं बघा. ती सरळ कापा, कोपरे कोरू नका, फार आखूड करू नका. आणि काही टोचत असेल, तर बुटात लपवू नका. आईला सांगा!