खेळातला चोर आणि गावाबाहेरचे पाल

राजा, राणी, चोर, शिपाई हा चिठ्ठ्यांचा खेळ तुम्हांला ठाऊक आहेच. चार चिठ्ठ्या करायच्या, उधळायच्या, ज्याने त्याने एकेक उचलायची. ज्याला शिपाई येतो त्याने चोर ओळखायचा. या खेळात एक मोठी न्यायाची गोष्ट आहे, ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. चोर कोण, हे चिठ्ठी ठरवते. या डावात पाटलाचा मुलगा चोर होतो, पुढच्या डावात तोच राजा होतो. चोरपण कुणाच्या कपाळी कायमचे लिहिलेले नसते.

आता दुसरा एक खेळ पाहू. अमेरिकेत 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो : पुढे किल्ला आहे, अंधार आहे, दारात पहारेकरी आहे, तुम्ही काय कराल? बाकीचे आपापले सोंग घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. काय करायचे ते खेळणारा सांगतो आणि जमले की फसले ते फासा ठरवतो. आपल्याकडे सोंगे नाचवतात, तसेच हे बसल्या जागी घेतलेले सोंग म्हणा ना. आता हा खेळ जगभर खेळतात आणि आपल्या शहरांतली कॉलेजची मुलेही खेळतात.

या खेळाची छापील पुस्तके असतात. त्यांपैकी ‘रेव्हनलॉफ्ट’ हे 1983 साली निघाले. त्यात रक्त पिणारा एक सरदार आहे, आणि त्याच्या मुलखात तंबू ठोकून राहणारी भटकी माणसे आहेत. पुढे त्यांना ‘विस्तानी’ असे नाव मिळाले. ती पत्त्यांवरून भविष्य सांगतात, दृष्ट लावतात, शाप देतात. 2016 साली हीच गोष्ट नव्या पुस्तकात आली, तेव्हाही ही माणसे दारूबाज, आळशी, चोरटी आणि त्या दुष्ट सरदाराची हस्तक म्हणून रंगवलेली होती. नाव कल्पित, पण चित्र कुणाचे, ते युरोपात पोरही ओळखील. ते चित्र रोमा लोकांचे, ज्यांना इंग्रज ‘जिप्सी’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, महाळुंग्या-चाकणच्या माणसाला त्या परक्या लोकांशी काय कर्तव्य? तर ऐका. हे लोक परके नाहीत. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्याच देशातून पश्चिमेकडे निघाले. ते इजिप्तहून आले असे युरोपीय लोकांना वाटले आणि त्यावरूनच ‘जिप्सी’ हे नाव पडले. पण 1782 साली रूडिगर या जर्मन पंडिताने त्यांची भाषा हिंदुस्थानी भाषेशी ताडून पाहिली आणि मूळ ठिकाण उघड झाले. रोमा माणूस नाकाला ‘नाख’ म्हणतो, कानाला ‘कान’, पाण्याला ‘पानी’, काळ्याला ‘कालो’. आणि माणसाला काय म्हणतो? ‘मानुष’!

या मानुषांचे युरोपात काय झाले? आजच्या रुमानियाच्या मुलखात ते शेकडो वर्षे गुलाम होते आणि 1855-56 साली सुटले. हिटलरच्या राजवटीत त्यांना ‘जन्मजात गुन्हेगार’ ठरवून कोंडले आणि मारले. कमीत कमी अंदाज धरला तरी अडीच लाख माणसे गेली. ऑशविट्झच्या छावणीतला रोमांचा तळ 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री संपवला, त्यात बायका, म्हातारे, मुले सगळी आली. ही माणसे चोरटी, शापवाली असतात, असे लोकांच्या मनात आधीपासून भरलेले होते; म्हणून शेजारून त्यांना नेले तेव्हा हळहळणारे थोडे निघाले.

गोष्टीत खलपुरुष असणारच. तो नसला तर गोष्ट उभी कशी राहील? दोष खलपुरुष असण्यात नाही. दोष येतो तो असा : खेळाच्या पुस्तकात लिहिलेली गोष्ट नियम होऊन बसते. ‘हा अमक्या जमातीचा, म्हणून हा चोर’ हे तिथे मत राहत नाही, खेळाचा कायदा होते. खेळणारा नुसता ऐकत नाही, त्या कायद्याने वागतो. तंबू दिसला की आपली थैली सांभाळतो, आणि खेळात तसे वागणे शहाणपणाचे ठरते. चिठ्ठीच्या खेळात चोरपण डावापुरते असते, या पुस्तकात ते जन्माने येते. फरक एवढाच, पण केवढा!

आणि आता आपल्या दाराशी या. जन्मावरून चोर ठरवण्याचा नियम आपल्याकडे खेळात नव्हता, तो सरकारी कायद्यात होता. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात होता, 1911 च्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. एखाद्या जमातीचे नाव यादीत चढले की माणसाने चोरी केली की नाही हा प्रश्नच उरत नसे. पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर दाखला घ्यायचा. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत होती, लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. तिथे पाळण्यातले मूलही ‘गुन्हेगार जमातीचे’ असे.

स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. आपल्या राज्याच्या यादीत विमुक्त जाती 14 आहेत. त्यांत रामोशी आहेत, आणि रामोशी तर गावची राखण करणारे! कैकाडी आहेत, ज्यांच्या टोपल्या-कणग्यांत गावाने धान्य साठवले. वडार आहेत, ज्यांनी दगड फोडले, माती वाहिली, रस्ते आणि बंधारे उभे केले. बंजारे आहेत, ज्यांच्या बैलांच्या तांड्यांनी रेल्वे येण्याआधी धान्य आणि मीठ मुलूखभर पोचवले. गावाची कामे करणारी ही माणसे कागदावर मात्र चोर ठरली.

कायदा गेला, पण बोली राहिली. फसवणाऱ्याला आपण ‘भामटा’ म्हणतो, कोडग्या पोराला ‘बेरड’ म्हणतो. भामटा आणि बेरड ही दोन्ही जमातींची नावे आहेत, 14 जणांच्या त्याच यादीतली. त्या घरचे मूल वर्गात बसलेले असेल, तर गुरुजींच्या तोंडून सहज निघालेला तो शब्द त्याला कसा लागत असेल? लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ 1987 साली. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे जिणे आतून कसे असते, ते या पुस्तकांनी मराठी वाचकाला पहिल्यांदा नीट दाखवले. शाळेच्या ग्रंथालयात ही पुस्तके असावीत.

खोट्या चित्राने काय होते, ते आपण अलीकडेच पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले आणि पाचही जण गेले. अफवा त्या आठवड्याची होती, पण ‘गोसावी पोरे पळवतात’ हे रडणाऱ्या लेकरांना सांगणे किती पिढ्यांचे! वाळलेले गवत आधीच रचलेले होते, मोबाइलने नुसती काडी लावली.

त्या अमेरिकी खेळाचे पुढे काय झाले? लोकांनी टीका केली, रोमा लोकही बोलले. 2020 साली प्रकाशकांनी चूक मान्य केली, रोमा सल्लागाराची मदत घेतली आणि मजकूर बदलला. 2021 च्या पुस्तकात विस्तानी निरनिराळ्या स्वभावांची, साधी माणसे म्हणून आली. खेळ काही बंद पडला नाही. मग आपल्याला हे का जमू नये?

शिक्षकांनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटुकले बसवाल तेव्हा तीन प्रश्न विचारून पाहा. पहिला, यातला चोर कृत्याने चोर आहे की जन्माने? दुसरा, पालात राहणाऱ्या पात्राला नाव आहे का, त्याची आई, त्याचा धंदा, त्याचे हसणे-रडणे काही दिसते का, की नुसती ठिगळांची बंडी आणि हातात सुरा? तिसरा आणि सर्वांत सोपा, त्या समाजाचे मूल पहिल्या ओळीत बसून हे मान वर करून पाहू शकेल का? उत्तर ‘नाही’ आले तर पात्र बदला. गोष्ट बिघडत नाही, उलट चोर कोण हे आधीच कळत नसल्यामुळे रंगते.

महाळुंगे-चाकणच्या पट्ट्यात तर हे अधिकच जपायला हवे. जिथे शेते होती तिथे कारखाने आले. कामाला माणसे विदर्भ-मराठवाड्यातून आली, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आली. आता वर्गात अनेक बोली ऐकू येतात आणि गावाच्या कडेला पालेही दिसतात. काही हरवले की ‘त्या बाहेरच्यांचेच काम’ असे तोंडातून पटकन निघते. ते थांबवण्याची जागा शाळा आणि चावडी हीच.

31 ऑगस्टला विमुक्त दिन असतो, 8 एप्रिलला जगभरचे रोमा आपला दिवस पाळतात. त्यांच्या झेंड्यात वर निळे आकाश, खाली हिरवी धरती आणि मधोमध तांबडे चक्र आहे, आपल्या अशोकचक्राची आठवण करून देणारे. या दोन दिवशी मुलांना तो झेंडा फळ्यावर काढून दाखवा, आणि गावाबाहेरच्या पालातले एखादे जाणते माणूस मानाने शाळेत बोलवा. त्याला त्याचा धंदा विचारा, प्रवास विचारा, त्याच्या बोलीत माणसाला काय म्हणतात तेही विचारा.