रेडिओने किती झोपावं?

बिनतारी सेन्सरची बॅटरी मोजमापात फारशी खर्च होत नाही; ती खातो रेडिओ. संदेश येत नसताना नुसता ऐकत राहिला, तरी तो संदेश घेताना लागते जवळपास तेवढीच वीज घेतो. म्हणून रेडिओ बहुतेक वेळ बंद ठेवायचा आणि ठरावीक काळाने क्षणभर सुरू करायचा.

पण झोपेची किंमत उशिरात मोजावी लागते. संदेश एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे असा टप्प्याटप्प्याने जातो. प्रत्येक सेन्सर सेकंदातून एकदाच जागा होत असेल, तर पुढचा जागा होईपर्यंत संदेश सरासरी अर्धा सेकंद अडकतो. दहा टप्पे असले की पाच सेकंद गेले.

हा उशीर चालेल की नाही, हे कामावर ठरतं. २००२ साली अमेरिकेतल्या ग्रेट डक बेटावर पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या बिळांत असे सेन्सर बसवले होते. बिळाचं तापमान काही मिनिटांनी कळलं तरी अभ्यास अडत नाही. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने दरडीवर नजर ठेवणारं जाळं उभारलं. तिथे डोंगराखाली माणसं राहतात, त्यामुळे इशाऱ्याला उशीर चालत नाही.

मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे झोपेचं वेळापत्रक परिस्थितीनुसार बदलणं. दरडीच्या जाळ्याने उन्हाळ्यात मातीतल्या पाण्याचा दाब क्वचित कळवला तरी पुरे. मुसळधार पावसात मात्र सेन्सरने वारंवार जागं व्हावं आणि वाटेतल्या सेन्सरांनी ओळीने, एकामागोमाग उठावं, म्हणजे संदेश न थांबता पुढे सरकतो. त्या काही दिवसांत बॅटरी भराभर उतरेल, उतरू द्यावी. ती वर्षभर वाचवली ती याचसाठी.