महामार्गावरचा हत्ती

मलकापूर-नांदुरा-खामगाव रस्त्यावर कधी एखादा अजस्र ट्रान्सफॉर्मर मुंगीच्या पावलांनी जाताना दिसतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. चिडू नका, नीट बघा.

आपल्याकडे मालट्रकला साधारण २.६ मीटर रुंदी आणि जास्तीत जास्त ५५ टन एकूण वजनाची मर्यादा आहे. माल तोडून दोन खेपांत नेता येत नसेल आणि या मापात बसत नसेल, तर खास परवानगी काढावी लागते. ओव्हरलोड वाळू यात येत नाही. तो निव्वळ गुन्हा.

असा माल वाहणाऱ्या ट्रेलरची खरी करामत खाली, चाकांत असते. चाकांच्या रांगा तेलाच्या नळ्यांनी जोडलेल्या असतात. खड्डा आला की तेल सरकतं, खड्ड्यावरचं चाक खाली उतरतं, माल मात्र सपाट राहतो. वजन वाटलं जातं म्हणून पूल तगतो. पुढे एक माणूस बांबूने वीजतार उचलून धरतो. ड्रायव्हरची नजर त्याच्या हातावर.

नाशिकहून तिरुवनंतपुरमच्या अंतराळ केंद्राकडे ७४ चाकांवरून ७० टनांचं एक यंत्र जुलै २०१९ मध्ये निघालं. पोहोचलं जुलै २०२० मध्ये! एवढा धीर धरणाऱ्या त्या माणसांना माझा मनापासून सलाम.