विश्लेषण : घोडा मेला तर स्वाराचे काय? टेबलावरच्या खेळातील घोडेस्वार कसा घडतो?

फासे, कागद आणि कल्पनाशक्ती यांवर चालणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये घोडेस्वार योद्धा व्हायला अनेकांना आवडते. नियम लिहिणाऱ्यांसाठी मात्र तो डोकेदुखी ठरतो. असे का?

अडचण नेमकी कुठे?
पहिली अडचण जागेची. खेळाच्या नावातच ‘डंजन’ म्हणजे तळघर आहे. अरुंद बोळ आणि शिड्यांवरून घोडा नेता येत नाही. सगळी ताकद खोगिरावर ठेवली, तर घोडा बाहेर बांधताच खेळाडू निष्प्रभ होतो.

दुसरी अडचण गणिताची. २०१४च्या नियमांनुसार युद्धाच्या घोड्याची किंमत ४०० सुवर्णनाणी आणि हिट पॉइंट्स १९. स्वार अनुभवाने बळकट होत जातो, घोडा १९ वरच राहतो. ‘फायरबॉल’ मंत्राचे नुकसान सरासरी २८. बचावाचा फासा हुकला की घोडा संपला.

‘कॅव्हेलियर’ने काय केले?
१९८५च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’ पुस्तकात ‘कॅव्हेलियर’ हा स्वतंत्र वर्ग होता. २०१७च्या ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’मध्ये तो ‘फायटर’चा उपप्रकार म्हणून आला. त्याची केवळ घोड्यासाठी असलेली क्षमता एकच : चढण्या-उतरण्यासाठी निम्म्या वेगाऐवजी फक्त ५ फूट हालचाल खर्च होते. बाकीच्या क्षमता पायीही चालतात. उदाहरणार्थ, १० फूट सरळ धावून केलेला वार शत्रूला खाली पाडू शकतो, मग धाव कुणाच्याही पायांची असो.

घोडा वाचवायचा कसा?
त्यासाठी ‘माउंटेड कॉम्बॅटंट’ हे वेगळे कौशल्य आहे. घोड्यावरचा वार स्वार स्वतःवर घेऊ शकतो. फायरबॉलमध्ये घोड्याचा फासा लागला तर नुकसान शून्य, हुकला तर निम्मे, म्हणजे सरासरी १४. घोडा ५ पॉइंट्सवर का होईना, उभा राहतो.

‘पॅलाडिन’ वर्गाची वाट वेगळी. त्याचा घोडा मंत्राने येतो. पडला तर पुन्हा बोलावता येतो. मराठी फौजेच्या भाषेत, कॅव्हेलियर हा स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, तर पॅलाडिन हा घोडा मिळालेला बारगीर. नुकसान कुणाचे, यावर धाडस ठरते.

नवा वर्ग लिहिताना काय पाहावे?
घोडा नसताना खेळाडूकडे काय उरते आणि घोडा मेल्यावर पुढच्या फेरीत तो काय करतो, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. मात्र घोडा अमर करू नये. तो गमावण्याची भीतीच गेली, तर उरतो फक्त जास्त वेग.