काळ्या स्क्रूचा मोह

घरात ड्रिल मशीन आले की काळ्या स्क्रूंचा डबाही येतो आणि बिजागरीपासून बाथरूमच्या फळीपर्यंत सगळीकडे तेच पिळले जातात. हा स्क्रू मुळात जिप्सम बोर्ड चौकटीवर बसवण्यासाठी घडवलेला. त्याचे पोलाद कडक केलेले असते. म्हणून तो झटकन शिरतो, पण आडवा ताण आला की वाकण्याऐवजी कडकन तुटतो. वरचा काळा फॉस्फेटचा थरही ओलाव्यापुढे फार टिकत नाही. ‘स्वस्त आहे, भोक न पाडता बसतो, सुतारही तोच वापरतात’ हे म्हणणे खोटे नाही; हलक्या, कोरड्या कामाला तो चालतोही. भांड्यांनी भरलेल्या फळीला मात्र मुळीच नको. तिथे विटेच्या भिंतीत ८ मिमीचे भोक, त्यात ८ मिमीची गिट्टी आणि साधारण ५ मिमी जाडीचा स्क्रू हवा. लांबी एवढी, की ब्रॅकेट आणि प्लास्टर ओलांडून तो विटेत चांगला रुतेल. वजन वीट पेलते, प्लास्टर नव्हे. बाथरूममध्ये ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील, समुद्राकाठी ३१६. स्टेनलेस तुलनेने मऊ, म्हणून सागवानासारख्या टणक लाकडात आधी बारीक भोक पाडावेच. दुकानात नुसते ‘स्क्रू द्या’ म्हणू नका. भिंत कशाची आणि वजन किती, तेही सांगा.